वसमतची हळद थेट दुबईच्या जेबेल अली बंदरात : आमची वाटचाल

वसमत-हिंगोलीची हळद आखातात पूर्वीपासून जाते, पण सांगली-मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत. आमच्या फर्मने थेट निर्यात धरली ती भारत-अमिराती व्यापार करारानंतर. 2015 मध्ये 34 वर्षांनी भारताचे पंतप्रधान अमिरातीत गेले, 18 फेब्रुवारी 2022 ला करारावर सह्या झाल्या आणि 1 मे 2022 पासून तो लागू झाला. तिकडून आपल्याकडे कच्चं तेल येतं आणि त्यांना बहुतेक अन्न बाहेरूनच घ्यावं लागतं, त्यामुळे ही मागणी टिकणारी आहे असं आमचं ठाम मत आहे.

कराराचा फायदा, म्हणजे तिकडच्या आयात शुल्कातली सवलत, आपोआप मिळत नाही. हळदीचा एचएस कोड, म्हणजे कस्टममध्ये माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, 0910 30. त्यासमोर तिकडे सवलतीआधीचं आयात शुल्क किती, हे आधी बघावं. ते शून्यच असेल तर कराराने वेगळं काही वाचत नाही. सवलत लागू असेल तर डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून माल भारतातलाच असल्याचं उगम प्रमाणपत्र काढावं लागतं. शेतात पिकलेली हळद सरळ भारतीय ठरते. तयार मसाल्यात व्हिएतनामची मिरी पडली की माल भारतीय ठरण्याचा हिशेब बदलतो. आणि खरेदीदार माल जेबेल अलीच्या मुक्त क्षेत्रातून पुढे दुसऱ्या देशात पाठवणार असेल, तर त्याला तिथे शुल्क लागतच नाही. मग करारामुळे भाव कमी करा, ही त्याची मागणी मान्य करू नये. हे प्रमाणपत्र सौदीत चालत नाही, हेही लक्षात ठेवावं.

आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) आणि स्पायसेस बोर्डाची नोंदणी सगळे करतात. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या आपल्या बँक शाखेचा क्रमांक) बंदरावरच्या कस्टममध्ये नोंदवायचा मात्र राहून जातो आणि शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद, अडतं.

खरी लढाई ओलाव्याशी. हळकुंड मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे. आम्ही 10 टक्क्यांवर आर्द्रता असलेला माल भरत नाही. दिवसा तापलेला कंटेनर रात्री थंड झाला की छताला पाणी सुटतं, ते वरच्या पोत्यांवर ठिबकतं आणि बुरशी धरते. म्हणून आतून क्राफ्ट पेपर लावतो, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतो, लाकडी पॅलेट पूर्ण कोरडे असल्याशिवाय आत घेत नाही. हळकुंड जागा फार खातं. 20 फुटी कंटेनरची वजनमर्यादा गाठायच्या आधी जागा संपते. भाडं किलोमागे काढताना हे धरलं नाही तर नफा तिथेच जातो.

पॉलिशच्या ड्रममध्ये रंग घालायचा नाही. पिवळेपणासाठी घालतात ते लेड क्रोमेट हे शिशाचं विष आहे. ते सापडलं तर कंटेनर तर जातोच, पण खाणाऱ्याच्या, त्यातही लेकरांच्या शरीरात शिसं जातं. शिजवताना आणि वाळवताना काळजी घेतली तर हळदीचा स्वतःचा रंग पुरेसा असतो. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव राखायचं तर प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळा अहवाल हवाच.

पैशाचं : नव्या खरेदीदाराशी एलसी (त्याच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) किंवा आगाऊ रक्कम, आणि पैसे बुडाले तर भरपाई देणारा ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा. एलसीवरचं नाव, वजन आणि मालाचं वर्णन बिल ऑफ लेडिंगशी (जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीशी) अक्षरशः जुळलं पाहिजे, नाहीतर बँक कागद परत पाठवते. जुलै 2023 मध्ये रुपया-दिरहम व्यवहारासाठी दोन्ही केंद्रीय बँकांचा सामंजस्य करार झाला, तरी बहुतेक खरेदीदार अजून डॉलरच मागतात. अमिरातीचं चलन दिरहम हे एका डॉलरला 3.6725 दिरहम या दराने बांधलेलं असल्याने त्यांना त्यात जोखीम वाटत नाही.

किरकोळ पाकिटांवर अरबी मजकूर, उत्पादन आणि मुदतीची तारीख लागते. ओमानशीही 18 डिसेंबर 2025 ला भारताचा असाच व्यापार करार झाला आहे. मस्कतच्या खरेदीदारांसाठी आम्ही आता 200 ग्रॅमच्या पाकिटांची लेबलं तयार करतो आहोत.