थिसीसला साधी गोळीच घ्या

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचा विषय ठरवायची वेळ आली की निम्म्या वर्गाला नॅनो काहीतरी हवं असतं. पेपर निघतो, पोस्टर देखणं दिसतं. पण पुणे-नवी मुंबईतल्या आर अँड डी सेंटरात काय, गोव्यातल्या वेर्णाच्या प्लांटात काय, समोर येते ती बहुतेक वेळा साधी गोळी. तेव्हा फॉर्म्युलेशनमध्ये (औषधापासून गोळी, सिरप असं रूप घडवण्याच्या कामात) नोकरी हवी असेल तर एकच औषध घ्या, पण अडचणीचं घ्या. माझी पसंती टेल्मिसार्टन 40 मि.ग्रॅ. रक्तदाबाची रोजची गोळी आहे, बाजारात तुलनेला भरपूर ब्रँड मिळतात आणि औषध वाटतं तितकं सरळ नाही.

टेल्मिसार्टन तीव्र आम्लात आणि तीव्र अल्कलीत विरघळतं, मधल्या पी.एच.ला जवळजवळ नाहीच. नुसती पावडर लॅक्टोजमध्ये मिसळून गोळी दाबली तर डिसॉल्यूशन, म्हणजे गोळीतून औषध विरघळून सुटणं, कमी पडतंच. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिन (एक सौम्य अल्कली) घालून औषधाचा क्षार (सॉल्ट) गोळी बनवतानाच तयार करतात. हिशोब सोपा आहे: 500 गोळ्यांना 20 ग्रॅम टेल्मिसार्टन. रेणुभार 514.6, म्हणजे एकास एक मोल धरला तर सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे 1.55 ग्रॅम लागतं, प्रत्यक्षात 1.6 ते 1.7 घ्या. आधी पाण्यात अल्कली, मग मेग्लुमिन आणि पोव्हिडोन (कण बांधणारा पदार्थ), शेवटी औषध थोडं थोडं. द्रावण काचेसारखं स्वच्छ झालं पाहिजे. गढूळ राहिलं तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा दोष सोडियम हायड्रॉक्साइड पेलेट्सच्या बाटलीचा असतो. कित्येक महिने उघडी-बंद होत राहिलेल्या बाटलीतल्या पेलेट्सनी हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो, त्यामुळे तराजूवर वजन बरोबर आणि अल्कली मात्र कमी. नवी बाटली उघडा, भराभर वजन करा.

हे द्रावण फ्लुइड बेडमध्ये (पावडर गरम हवेवर तरंगती ठेवणाऱ्या यंत्रात) वाहकावर फवारणं उत्तम. कॉलेजात ते यंत्र नसेल तर मॅनिटॉलवर ओतून ट्रे ड्रायरमध्ये 60 अंशांना सुकवा. सॉर्बिटॉलही चालतो, पण तो ओलावा ओढतो, आणि आपल्याकडे प्रोजेक्टची सुरुवात नेमकी पावसाळ्यात. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये डीह्युमिडिफायर नसताना हे ग्रॅन्युल्स उघडे ठेवले की पंचला (गोळी दाबणाऱ्या दांड्याला) चिकटलेच म्हणून समजा. एल.ओ.डी. (सुकवल्यावर घटणारं वजन, म्हणजे ओलावा) वाढला की स्टिकिंग, फार उतरला की कॅपिंग, म्हणजे गोळीची टोपी सुटणं. म्हणून दर बॅचला कॉम्प्रेशनच्या आधी एल.ओ.डी. आणि खोलीची आर्द्रता दोन्ही लिहा. मॅग्नेशियम स्टिअरेट 1 टक्का, 60 मेशमधून चाळून, सर्वांत शेवटी, दोन-तीन मिनिटंच. जास्त फिरवलं तर कणांवर मेणचट थर बसतो, गोळीचा कणखरपणा घटतो आणि विरघळणंही मंदावतं.

आता डिसॉल्यूशन. इथेच सगळ्यात जास्त थिसीस लंगडे पडतात. पॅडल, 75 आर.पी.एम., 900 मि.लि., पी.एच. 7.5 चा फॉस्फेट बफर, 37 अंश, अधिक-उणे 0.5. पॅडल भांड्याच्या तळापासून 25 मि.मी. वर हवं; फरक 2 मि.मी.पेक्षा जास्त नको. माध्यमातली हवा काढल्याशिवाय गोळी टाकू नका. 41 अंशांपर्यंत तापवून व्हॅक्यूमखाली 0.45 मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. नाहीतर बुडबुडे गोळीला चिकटतात आणि एकाच बॅचच्या सहा भांड्यांत सहा निकाल येतात. नमुना काढल्यावर गाळाचे पहिले काही मि.लि. टाकून द्या, काही फिल्टर औषध धरून ठेवतात. एवढ्यावर थांबू नका. 0.1 एन हायड्रोक्लोरिक आम्ल, पी.एच. 4.5 आणि 6.8 मध्येही चाचणी करा. तुमचं सूत्र बाजारातल्या गोळीच्या किती जवळ आहे हे खरं तिथे कळतं.

तुलनेची गोळी एकाच बॅचची साठ-सत्तर तरी विकत घ्या. प्रत्येक माध्यमात 12, चार माध्यमांच्या 48, वर अ‍ॅसेला (गोळीतल्या औषधाचं प्रमाण मोजायला) आणि सांडलवंडीला काही. मग एफ-टू, म्हणजे दोन डिसॉल्यूशन वक्रांचं साम्य दाखवणारा आकडा, काढा. 50 ते 100 मध्ये आला की वक्र सारखे मानतात, पण 85 टक्के औषध सुटल्यानंतरचा एकच बिंदू धरायचा असतो. 30, 45, 60 मिनिटांचे सगळे सपाट बिंदू घातले तर तिथला फरक शून्याजवळ असल्याने फरकांची सरासरी खाली येते, एफ-टू वाढतो आणि नापास बॅचही पास दिसते. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तुमच्या तक्त्यात हीच जागा आधी पाहील. आणि दोन्ही गोळ्या 15 मिनिटांत 85 टक्के सुटत असतील तर एफ-टूची गरजच नसते.

स्टॅबिलिटीसाठी (गोळी किती टिकते ते पाहायला) गोळ्या चेंबरमध्ये लवकर घाला. 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेला सहा महिने लागतात आणि प्रोजेक्टला मिळतं एकच वर्ष. डिसेंबरपर्यंत पहिली चांगली बॅच आत गेली नाही तर मे-जूनमध्ये तीन महिन्यांचाच आकडा हाती राहतो. अ‍ॅलू-अ‍ॅलू (दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचं पॅकिंग), साधा पी.व्ही.सी. ब्लिस्टर आणि उघडी पेट्री डिश असे तिन्ही संच ठेवा. उघड्या डिशमधली गोळी ओलावा पिऊन मऊ पडते. टेल्मिसार्टनची गोळी घ्यायच्या क्षणापर्यंत ब्लिस्टरमधून काढू नये अशी सूचना का असते, ते या संचावरून दाखवता येतं.

फसलेल्या बॅचेस थिसीसमधून गाळू नका. बॅच नंबर, काय बदललं, का बदललं, काय झालं, असा चार रकान्यांचा तक्ता पुरेसा आहे. मुलाखतीच्या पॅनेलला तुमचा विचार त्यातच दिसतो. शिवाय एक प्रश्न हमखास येतो: टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी दुपदरी का बनवतात? टेल्मिसार्टनच्या थरातली अल्कली अ‍ॅम्लोडिपिनला मोडते, म्हणून. मग लगेच विचारतात, अ‍ॅम्लोडिपिनच्या थरात लॅक्टोज घालाल का? ते प्राथमिक अमाइन आहे, लॅक्टोजबरोबर मायार्ड अभिक्रिया होऊन अशुद्धी वाढते, गोळी पिवळसर पडू शकते. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज सुचवा.