तपकिरी रेषा जिथे विरते

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मूत्राशयातल्या गाठीचे तुकडे तपासणीसाठी आले. रुग्ण हडपसरचे, साठी ओलांडलेले, विडीची सवय जुनी. लघवीतून रक्त गेले, पण दुखले काहीच नाही, म्हणून काकांनी चार महिने घरात सांगितले नाही. मूत्राशयाच्या कर्करोगात पहिले लक्षण बहुधा हेच असते. असे रक्त एकदाच दिसले तरी तपासून घ्यावे, हे मी भेटेल त्याला सांगत असते.

नेहमीच्या निदानाला ई-कॅडहेरिनची चाचणी लागत नाही. ती आम्ही विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी केली. हे प्रथिन पेशीच्या कडेवर असते. त्याचे बाहेरचे टोक कॅल्शियमच्या आधाराने शेजारच्या पेशीवरील त्याच प्रथिनाला धरते आणि आतले टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेले असते. चाचणीत हे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उठतो. स्लाइडवर गाठीच्या वरच्या, बोटांसारख्या भागात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेषा इतकी सलग होती, की मधाच्या पोळ्याची आठवण व्हावी. खाली, जिथे गाठ अस्तर ओलांडून पुढच्या थरात शिरली होती, तिथे ती रेषा फिकट झाली, तुटली, आणि शेवटी एकेकट्या पेशींभोवती जवळजवळ दिसेनाशी झाली.

हे प्रथिन घटते तेव्हा त्याचे जनुक नेहमी बिघडलेलेच असते असे नाही. अनेकदा ते शाबूत असते, पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटून किंवा स्नेल, ट्विस्ट, झेब-१ यांसारख्या प्रथिनांच्या दाबामुळे ते मुके होते. मग पेशी सुटतात, लांबट होतात, सरकू लागतात. शिवाय बंधनातून मोकळे झालेले बीटा-कॅटेनिन केंद्रकात पोहोचले, तर पेशीविभाजनालाही चालना मिळू शकते. वाढ आणि प्रसार यांचे धागे इथे एकत्र येतात.

तरीही ‘प्रथिन कमी, म्हणजे आजार वाईट’ एवढे सरळ समीकरण मला मान्य नाही, कारण दूर जाऊन रुजलेल्या पेशींमध्ये हेच प्रथिन कधी कधी पुन्हा दिसते. म्हणून नुसत्या टक्केवारीपेक्षा ते गाठीच्या कोणत्या भागात आणि पेशीच्या कडेवर की आत दिसते, याची नोंद मला मोलाची वाटते.

उपचार मात्र मुख्यतः गाठ किती खोल गेली आहे यावर ठरतात. निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांमध्ये गाठ स्नायूपर्यंत गेलेली नसते. अशांपैकी जोखीम जास्त असलेल्यांना गाठ खरवडून काढल्यावर मूत्राशयात बीसीजी ही क्षयरोगाची लस देतात, जी आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटही तयार करते. स्नायूत शिरलेल्या गाठीसाठी बहुधा मूत्राशयच काढावे लागते. काकांच्या तुकड्यांत स्नायूचा थर आलाच नव्हता. त्या विरलेल्या रेषेवरून खोलीचा अंदाज बांधणे मला योग्य वाटले नाही. मी अहवालात ‘स्नायू आढळला नाही’ असे स्पष्ट लिहिले आणि सर्जनना फोन केला. त्याच जागेचे पुन्हा खरवडून तुकडे घेण्यासाठी काकांना पुढच्या सोमवारी बोलावले आहे.