चाळीसला चाळीस, शंभरला शंभर : आमची वाटचाल

आमचा ब्यूरो घरी असलेल्या पेशंटची सेवा करायला मावशी पाठवतो. आमच्याकडे येणारा माणूस खुर्चीत बसायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, "मॅडम, मावशी विश्वासू आहेत ना?" विश्वासू म्हणजे कपाटाला हात न लावणारी. बारा-तेरा वर्षांत चोरीचा आळ आमच्या बायकांवर चार वेळा आला. त्यातल्या तीन वेळा बांगडी किंवा पाकीट घरातच सापडलं, एकदा तर देवघरात, निरांजनाच्या डब्यात. पण या वर्षांत पेशंटला जी इजा झाली ना, ती प्रत्येक वेळी विश्वासू, मायाळू, कधीही खाडा न करणाऱ्या बाईच्याच हातून झाली. कारण तिला माहीत नव्हतं. आणि तिला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं.

मी मूळची नर्स. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि मिरजेत अकरा वर्षं वॉर्डात काढली. मिरजेला लोक वैद्यकीय पंढरी म्हणतात. मिशन हॉस्पिटलच्या जमान्यापासून सगळ्या दक्षिण महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून पेशंट इथं येतात. येतात, ऑपरेशन होतं, आठव्या दिवशी डिस्चार्ज. कागदावर "दर दोन तासांनी कूस बदला" असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. कूस बदलणार कोण, तर घरी गुडघे गेलेल्या आजी. मुलगा पुण्यात, मुलगी त्याहून लांब. हे रोज बघत होते, म्हणून २०१३ साली नोकरी सोडली. वॉर्डातल्या ओळखीच्या चार आया, एक दहा बाय दहाचा गाळा, शॉप अॅक्टचा कागद आणि माझी स्कूटी. ब्यूरो सुरू करायला तेवढं पुरलं. नर्स म्हणून माझी नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आहे. पण परक्याच्या घरात जाऊन पेशंटला नाकातल्या नळीतून भरवणाऱ्या बाईला काय येत असावं, हे तपासायला आमच्या दारात आजवर कुणी आलेलं नाही.

पहिली दोन वर्षं मीही इतर ब्यूरोंसारखंच काम केलं. फोन आला की मोकळी असेल ती मावशी पाठवायची, महिन्याला कमिशन घ्यायचं. केस टिकली तर बरं, नाहीतर बदली द्यायची. घाई एवढी असायची की नवी बाई पेशंटला पहिल्यांदा बघायची तीच ड्युटीवर.

पहिला फटका बेडसोरने, म्हणजे एकाच जागी झोपून राहिल्याने होणाऱ्या जखमेने दिला. पक्षाघाताचे आजोबा, दवाखान्यातून घरी आलेले. चौथ्या दिवशी माकडहाडावर रुपयाएवढी जखम दिसली. मुलाने व्हिडिओ कॉलवर मावशीला झापलं, मग मला. मावशी रडत शपथेवर सांगत होती, "ताई, मी आले तेव्हाच तिथं लाल होतं." मला तिचं खरं वाटत होतं, पण कागद कुठं होता? तेव्हापासून पहिल्या दिवशीची अंगतपासणी आली. घरातलं एक माणूस शेजारी उभं करायचं, टॉर्च घ्यायचा आणि डोक्याच्या मागच्या भागापासून टाचेपर्यंत बघायचं. खांदे, कोपर, खुबा, माकडहाड, घोटे, टाचा. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिलं तर आत इजा सुरू झालेली असते. ते फॉर्मवरच्या माणसाच्या चित्रावर खूण करून लिहायचं आणि घरच्यांची सही घ्यायची. सुरुवातीला लोकांना हा फॉर्म म्हणजे आमची हात झटकायची तयारी वाटायची. एका बाईंनी तोंडावर विचारलं, "सही कशाला, आम्ही काय पोलिसात जाणार आहोत का?" आता डॉक्टरच त्या फॉर्मची झेरॉक्स मागतात.

कुशीचा तक्ताही तेव्हाचाच. डावी, उताणं, उजवी, दोन-दोन तासांनी, आणि समोर वेळ. यात मजा अशी की काही मावश्या सकाळीच दिवसभराचा तक्ता भरून ठेवायच्या. आठ, दहा, बारा, दोन, एकाच पेनाने, एकाच ओळीत सुरेख. मी आता अक्षराकडे बघते. तक्ता फार नीटनेटका दिसला की त्या घरी न सांगता जाते. आणखी एक गोष्ट, एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला नको, असं निम्म्या घरांना वाटतं. गादीवर पैसे घातलेत ना, मग आता रात्री झोपू दे त्यांना! हे समजावण्यात माझी जेवढी वाफ गेली, तेवढी दुसऱ्या कशात गेली नसेल.

पण आमच्या कामाचा खरा साचा बदलला तो २०१६ च्या एका रात्रीने. सांगलीत विश्रामबागेतल्या एक आजी, मधुमेह जुना. रात्रपाळीला आमच्या सगळ्यात जुन्या मावशी. आजींचं संध्याकाळचं इन्सुलिन १६ युनिट. आधी सूनबाई द्यायच्या, मग त्यांनीच मावशींना शिकवलं आणि मलाही सांगितलं, "तुमच्या मावशी छान देतात हो, आजींना कळतसुद्धा नाही." मी खूश झाले. तिथंच चुकले.

मध्ये आजी पाच दिवस दवाखान्यात होत्या. घरी येताना इन्सुलिन बदललेलं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलीत ४० युनिट, आणि एका मिलीत १००. सिरिंजही वेगळ्या, चाळिसाची लाल टोपणाची, शंभराची नारिंगी टोपणाची. नवी बाटली शंभराची होती. ड्रॉवरमध्ये जुन्या लाल टोपणाच्या सिरिंज शिल्लक होत्या. मावशींनी नेहमीसारखं १६ च्या रेघेपर्यंत भरलं. लाल सिरिंजवर १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिली. शंभराच्या बाटलीतून ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. १६ च्या जागी ४०.

साडेनऊला फोन. "ताई, आजींना घाम फुटलाय, हाक मारली तर नुसतं बघत्यात." शुगर ४६ आली. आजी गिळत होत्या म्हणून सूनबाईंनी साखरेचं पाणी चमच्याने दिलं, रिक्षा केली, दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज लागलं. वाचल्या. पहाटेपर्यंत मी बाहेर बाकड्यावर बसून होते आणि शेजारी मावशी. त्यांचा हात थरथरत होता. डिस्चार्जच्या कागदावर बाटलीची ताकद स्पष्ट लिहिलेली होती. तो कागद फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला होता. आमच्यापैकी कुणी वाचला नव्हता.

त्या घराने आम्हाला काढलं नाही. काढलं असतं तर माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशीने सुई धरायची नाही. अजिबात नाही. इन्सुलिन, सलाईन, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, नाकातली नळी घालणं ही कामं फक्त कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या सिस्टरची. घरच्यांना स्वतः इन्सुलिन द्यायचं असेल तर द्यावं, आम्ही शिकवू. आमच्या सिस्टरनीही बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. लहान मुलांच्या पाढ्यासारखं वाटतं, चेष्टाही होते. होऊ दे.

या एका नियमाने पहिल्या वर्षात माझ्या सहा केसेस गेल्या. "शेजारच्या ब्यूरोची बाई तर सगळं करते," असं म्हणून लोक फोन ठेवायचे. खरंय, करते. मीही करून घेत होते.

आता प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक वही असते. पहिल्या पानावर मावशी काय करणार, आणि त्याच्याच बाजूला, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, काय करणार नाही. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच आणि नंतरही तासभर तशीच. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण फरशीला टेकलेली नाही. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. ऑक्सिजनचं मशीन चालू असलेल्या खोलीत उदबत्ती नाही, समई नाही. या शेवटच्या ओळीवरून एका सासूबाईंनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता.

सुरक्षितता म्हटलं की सगळे पेशंटचाच विचार करतात. बाईची कोण बघणार? एका घरात पेशंटचा जावई रात्री पाणी प्यायच्या निमित्ताने पुन्हापुन्हा खोलीत यायचा. तिथं लावलेली आमची मुलगी तिसऱ्या दिवशी नुसती "केस बदलून द्या" म्हणाली, कारण सांगेना. कारण काढून घेतलं आणि त्याच संध्याकाळी तिला परत आणलं. २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे, आणि घरकाम करणाऱ्या बायकांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे मला तेव्हा वकिलांकडून कळलं. आता करार करतानाच विचारते, घरात कोण कोण राहतं, रात्री बाई झोपणार कुठे, त्या खोलीला दार आहे का. काहींना राग येतो. ज्यांना फार राग येतो ती केस मी घेत नाही.

दहाच्या वर माणसं झाली तसं सगळ्यांना पगारावर घेतलं आणि ईएसआय (कामगार विमा) भरायला लागले. दर वाढले, कुरकुर झाली. लिहिण्यासारखं त्यात एवढंच, की बाळंतपणानंतर परत येणाऱ्या मुली त्यानंतरच दिसायला लागल्या.

आणि पूर. सांगलीत राहून पुराशिवाय गोष्ट पुरी होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचे पाच पेशंट पाण्याच्या पट्ट्यात होते. एकांना घरच्या कॉटसकट दुसऱ्या मजल्यावर चढवलं होतं, वीज गेलेली, ऑक्सिजनचं मशीन बंद. सिलिंडर बोटीतून गेला. आमची मावशी त्या घरात चार दिवस अडकली, तिचं स्वतःचं घर मागे पाण्यात. तिला फोन लागला तेव्हा तिने पहिलं हे विचारलं की डायपर संपलेत, धोतर फाडून वापरलं तर चालेल का.

इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला. पण झोपून असलेल्या पेशंटला ४० ची वाट बघून चालत नाही. म्हणून आमच्या भिंतीवर आता वेगळा तक्ता आहे. गावभाग, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, तिकडच्या प्रत्येक पेशंटपुढे लिहिलेलं असतं, हलवायचं कुठे, उचलणार कोण, ऑक्सिजन आहे का, औषधं किती दिवसांची. पाणी ३० फुटांवर आलं की घरी फोन, ३५ ला अँब्युलन्स. २०२१ च्या जुलैत ३५ ला आम्ही तिघांना मिरजेत नातेवाइकांकडे हलवलं. एका घराने नको म्हटलं, "दरवेळी थोडंच येतं?" दोन दिवसांनी त्यांनाही बोटच लागली.

करोनाचं मी लिहीत नाही. त्या दोन वर्षांत आमच्या दोन मावश्या गेल्या.

सध्या दर बुधवारी दुपारी दोन ते चार ऑफिसात शिकवणी असते. जुनी लोखंडी कॉट आहे, तिच्यावर पेशंट म्हणून मी झोपते. वय झालंय, वजनही आहे, त्यामुळे चादरीवरून सरकवायला मुलींना चांगली कसरत पडते. नव्या मुलीला मी मुद्दाम काही न सांगता पाणी पाजायला लावते. ती हमखास मला उताणं ठेवूनच चमचा तोंडाला लावते, मला ठसका लागतो, आणि ती घाबरून मागे सरते. मग कॉटचं डोकं वर करून पुन्हा. गेल्या बुधवारी एक मामा (पुरुष सेवकाला आम्ही मामा म्हणतो) आले होते, आधी गवंडीकाम करायचे. त्यांनी चमचा उचलायच्या आधीच माझ्या पाठीमागे दोन उशा लावल्या. मी विचारलं, कुठं शिकलात? म्हणाले, "वडिलांचं सहा वर्षं केलंय."

त्यांना कुपवाडच्या केसवर लावलंय, रात्रपाळी. अजून दोन मामा हवेत. वजन उचलायची ताकद असावी, आणि वहीत लिहिता-वाचता यावं.