यॉर्कची तांबट आळी

इंग्लंडमधल्या यॉर्कला पहिल्यांदा गेलो तेव्हा नकाशात ‘कॉपरगेट’ वाचलं आणि मी, पुण्यात वाढलेला, लगेच अर्थ लावून मोकळा झालो: ही इथली तांबट आळी! कानात हातोड्यांचा ठोकाही सुरू झाला. पण तिथे तांबं नव्हतं आणि गेटही नव्हतं. ‘गेट’ म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या बोलीतला ‘गाता’, रस्ता. ‘कॉपर’ म्हणजे लाकडाचे पेले-वाडगे कातणारे. १९७६ पासून पाच वर्षं तिथे खणलं, तेव्हा कातकामाची लाकडं खरोखरच सापडली. मग तटबंदीच्या दरवाजांना काय म्हणतात? ‘बार’. मिकलगेट हा रस्ता, मिकलगेट बार हा दरवाजा. तहानलेल्या पाहुण्याची फसगत ठरलेली.

माझ्या चुकीची फारशी लाज वाटली नाही, कारण या गावाचं नावच तसल्या ऐकण्यातून घडलंय. इथल्या जुन्या केल्टिक नावाचा संबंध बहुतेक ‘यू’ या सदाहरित झाडाशी होता. इसवी सन ७१ च्या सुमारास रोमन आले, छावणी ठोकली आणि ते नाव ‘एबोराकम’ करून वापरू लागले. पुढे उत्तर युरोपातून आलेल्या अँग्लो-सॅक्सन टोळ्यांना त्यात ‘एओफोर’ ऐकू आला, म्हणजे रानडुक्कर! त्याला ‘विक’, म्हणजे वस्ती, जोडून त्यांनी ‘एओफोरविक’ केलं. झाडाचं डुक्कर झालं आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. ८६६ साली व्हायकिंगांनी शहर जिंकलं, त्यांच्या जिभेवर ते ‘योर्विक’ झालं, आणि झिजत झिजत उरलं यॉर्क. आपल्याकडे नावं बदलतात तेव्हा निदान सरकारी अधिसूचना तरी निघते.

गंमत म्हणजे रोमन नाव अजून पुरतं गेलेलं नाही. यॉर्कचे आर्चबिशप, म्हणजे मुख्य ख्रिस्ती धर्मगुरू, आजही सहीत आडनावाच्या जागी ‘एबोर’ लिहितात. मला हे फार आवडतं. बाकी सगळ्यांनी भिंत पाडून नवी बांधावी आणि एकानं जुना चिरा तसाच ठेवावा.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“न्यूयॉर्कला पोचलास का?”

“अगं, न्यू नाही. जुनं. त्याच्यावरूनच तिकडच्याचं नाव पडलं, १६६४ साली. म्हणजे इथल्या ड्यूकवरून.”

“बरं बरं. मग यार्कात थंडी आहे का?”

मी म्हटलं, “आहे.” दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.