खारपाणपट्ट्यात सक्युलंट जगवताना

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळी आणि भारी, बोअरचं पाणी खारं, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणारा. अशा ठिकाणी ओसरीवर इचेव्हेरियाच्या, म्हणजे रसाळ पानांच्या एका सक्युलंट झाडाच्या, कुंड्या दिसल्या की येणारा प्रत्येक जण उन्हाचंच विचारतो. पण अनुभवावरून सांगते, या झाडांना आमची दुपार मारत नाही, रात्र मारते. त्यातून माती ओली असली तर झाड वाचतच नाही. हे ध्यानात आलं तेव्हापासून माती, पाणी, सावली या सगळ्याचा हिशोब मी त्यावरूनच मांडते.

जाड रसाळ पानं गोलाकार रचून कमळासारखी दिसणारी ही झाडं काही एकाच मुलखातली नाहीत. इचेव्हेरिया आणि घोस्ट प्लांट मेक्सिकोकडची, हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतली, इओनियम मुख्यतः कॅनरी बेटांवरचं, सेम्परव्हिव्हम युरोपातल्या थंड डोंगरांवरचं. नर्सरीत मात्र सगळी एका ट्रेमध्ये, एका भावात आणि एकाच सल्ल्यासकट मिळतात: आठवड्यातून एकदा पाणी द्या. या सल्ल्यानं आमच्याकडे जून-जुलैत झाड हमखास जातं.

रात्रीचं महत्त्व मला पानफुटीमुळे पटलं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, न्हाणीजवळ पानफुटी लावलेली आहे. ती इचेव्हेरियाच्याच कुळातली, क्रॅसुलेसी कुळातली. तिचं पान पहाटे तोडून जिभेला लावलं तर चांगलं आंबट लागतं. त्याच झाडाचं पान दुपारी लावून पाहा, आंबटपणा गेलेला असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहिलेले वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन यांनी हीच गोष्ट १८१३ साली एका पत्रात नोंदवली होती. कारण असं की ही झाडं पानांवरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात तो वापरतात. दिवसा रंध्रं बंद, म्हणून पाणी उडून जात नाही. कोरड्या प्रदेशात तगून राहण्याची ही फार हुशार सोय आहे.

पण त्या सोयीला गार रात्र लागते. मेक्सिकोच्या उंच पठारावर दिवसा कितीही ऊन पडलं तरी रात्र गार असते. आमच्याकडे मे महिन्यात रात्री बाराला भिंतीला हात लावला तर ती गरम लागते, आणि पहाटेचं तापमानही ३० अंशांच्या आसपास असतं. मग रंध्रं नीट उघडत नाहीत, वाढ थांबते, मुळं पाणी फारसं ओढत नाहीत. अशा वेळी दिलेलं पाणी मुळांशी नुसतं बसून राहतं आणि कोमट मातीत बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं.

म्हणून आधी माती. आमची काळी माती कपाशीला, हरभऱ्याला सोनं आहे, कारण ती ओल धरून ठेवते. सक्युलंटच्या कुंडीत मात्र ती चिमूटभरही नको. पावसात चिकट लगदा, उन्हात दगड, आणि भेगा पडताना बारीक मुळंही तुटतात. मी निम्म्याहून जास्त भाग बारीक खड्यांचाच घेते. त्यात सगळ्यात कामाला आले ते कवेलू, म्हणजे छपरावरची मातीची कौलं. जुन्या घरावरचे कवेलू उतरवून टिना, म्हणजे पत्रे, टाकल्या तेव्हा आवारात फुटक्या कवेलूंचा ढीग पडला होता. ते पोत्यात घालून कुटायचे, चाळणीनं धूळ काढून टाकायची आणि ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे तुकडे ठेवायचे. भाजलेली माती थोडं पाणी पिते आणि हळूहळू सोडते, शिवाय तुकड्यांमधून हवा खेळती राहते. ऑनलाइन मिळणारे महागडे खडे आणि हे कवेलूचे तुकडे मी शेजारी शेजारी वापरून पाहिले आहेत, मला तरी फरक दिसला नाही. उरलेल्या भागात धुतलेली जाड रेती, खडीक्रशरवरची चुरी, थोडा चुलीतला कोळसा आणि जेमतेम मूठभर जुनं, कुजून भुगा झालेलं शेणखत. ताजं शेणखत अजिबात नको. कुंडी कुंभाराकडची मातीचीच, भोक मोठं करून घेतलेली. उंचीनं कमी आणि तोंडाला पसरट असेल तर उत्तम, कारण यांची मुळं खोल जात नाहीत.

पाण्याचा प्रश्न आमच्या भागात वेगळाच आहे. बोअरचं पाणी कुंडीला दिलं की काही दिवसांत कडेला पांढरी खर जमते. तेच क्षार मुळांशीही साठतात, पानांची टोकं जळतात, झाड वाढत नाही. नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, ते चालतं. पण सगळ्यात चांगलं पावसाचं. खारपाणपट्ट्यातला शेतकरी शेततळं करून पाऊस साठवतो, तसं मी टिनाच्या पन्हाळीखाली झाकणाचे ड्रम ठेवते. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, ते टिनावरची धूळ घेऊन येतं. पुढचं भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं, नाहीतर डास होतात. या झाडांना पाणी लागतंच किती! एवढा साठा उन्हाळ्यापर्यंत आरामात पुरतो.

द्यायचं तेव्हा भोकातून वाहीपर्यंत द्यायचं, आणि मग माती तळापर्यंत सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. तुरीची वाळलेली काडी कुंडीत खोल खुपसून पाहायची. माती चिकटून आली तर थांबायचं. काही दिवसांनी कुंडी नुसती उचलली तरी वजनावरून कळायला लागतं. पाणी पानांच्या मध्ये साचू द्यायचं नाही.

उन्हाळ्याची तयारी मार्चपासूनच. आमच्याकडे अंगणात मांडव घालायची पद्धत आहेच, मी त्याच्या पूर्वेच्या बाजूला कुंड्यांची फळी ठेवते. मांडवावर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, पसरतो. कपाशीच्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, वापरत नाही, कारण त्यात गुलाबी बोंडअळी राहते आणि हंगामानंतर पऱ्हाट्या शेतात-घरी साठवू नका असं कृषी खातं सांगतंच. तुराट्यांखाली ५० टक्के सावलीची हिरवी नेट. सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन मिळतं, नंतर गाळून आलेला उजेड. कुंड्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवते, म्हणजे खालून ताव लागत नाही. आणि कूलरच्या समोर कधीही नाही, कारण ती दमट हवा रात्रभर झाडावर येते.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की पाणी जवळजवळ बंद. पानं सुरकुततात, बाहेरची पानं आत वळतात, झाड मिटल्यासारखं दिसतं. बघवत नाही हे खरं, आणि हात पाण्याकडे जातोच. आत्याबाई तेव्हा ओसरीवरून आवाज देतात, "पानी नोको टाकू वं त्याले, झोपलं हाय थे." त्यांचं बरोबर असतं. मी फक्त फारच मलूल दिसणाऱ्या लहान रोपांना, रात्री उशिरा माती जरा निवल्यावर, कडेनं घोटभर पाणी देते.

खरी परीक्षा मृगाच्या पावसात. माती अजून तापलेली, त्यावर पाणी, वर ढगाळ हवा आणि रात्रीचा उकाडा. त्या आठवड्यात मी रोज सकाळी प्रत्येक कुंडीची खालची पानं बघते. तहानलेलं पान पातळ, सुरकुतलेलं, शेवटी कागदासारखं कोरडं होतं. त्याची चिंता नको. सडणारं पान मात्र पिवळसर, पारदर्शक आणि पाणी भरल्यासारखं फुगीर दिसतं, बोट लागताच गळून पडतं, आणि त्याच्या जागी देठावर तपकिरी ठिपका राहतो. असं एक जरी पान दिसलं तरी संध्याकाळची वाट बघायची नाही. झाड उपटायचं, धारदार पातं स्पिरिटनं पुसायचं आणि देठ खालून वरच्या दिशेनं थोडा थोडा कापत जायचा. कापलेल्या गोलात मध्यभागी काळं-तपकिरी दिसतंय तोवर कापायचं, पूर्ण स्वच्छ हिरवट-पांढरं दिसलं की थांबायचं. प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा पुसायचं. मग वरचा गुच्छ सावलीत, वारा लागेल असा उलटा ठेवायचा. जखम सुकून कडक झाली की कोरड्या मिश्रणावर बसवायचा आणि मुळं दिसल्यावरच पाणी. अशी वाचवलेली इचेव्हेरिया माझ्याकडे आहेत, आणि न वाचलेलीही बरीच. पावसाळाभर मी कुंड्या टिनाखाली, वाऱ्याच्या तोंडाला ठेवते. उजेड भरपूर, पण पावसाचा थेंब नाही.

आता कोणतं झाड कुठवर साथ देतं ते सांगते.

घोस्ट प्लांट, म्हणजे ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायन्से, आमच्याकडचं सगळ्यात भरवशाचं. नावात पॅराग्वे असलं तरी ते मेक्सिकोचंच. उन्हात गुलाबी-पिवळसर, सावलीत निळसर राखाडी. देठ लांब होऊन कुंडीबाहेर लोंबतो, तोच त्याचा स्वभाव. नवीन माणसानं सुरुवात यानंच करावी. याचा आणि इचेव्हेरियाचा संकर, ग्रॅप्टोव्हेरिया, हाही चांगला टिकतो.

हॉवर्थियाला तर आमची ओसरीच आवडते. पांढऱ्या पट्ट्यांची झेब्रा जात तर खोलीत, खिडकीजवळही राहते. थेट ऊन लागलं की पानं तांबूस होतात, सावलीत आणली की परत हिरवी. हॉवर्थिया कूपरीच्या पानांची टोकं काचेसारखी पारदर्शक असतात. मूळ ठिकाणी ती झाडं बरीचशी मातीत गाडलेली असतात, फक्त टोकं वर, आणि त्या टोकांतून उजेड आत उतरतो. पहिल्यांदा ते पान उन्हासमोर धरून पाहिलं तेव्हा मी किती तरी वेळ तिथेच उभी होते.

अगेव्हबद्दल आमच्या लोकांना सांगायला नको. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, केकताड म्हणजे अगेव्हच. एकदाच फुलतं आणि मग मरतं, तोवर पिल्लं मात्र भरपूर देतं. शोभेच्या छोट्या जाती कुंडीत छान राहतात, उन्हाला भीत नाहीत. पण टोकाचे काटे डोळ्याच्या उंचीवर येऊ देऊ नका, आणि कापताना रस अंगाला लागला तर खाज सुटते.

इओनियम हिवाळ्यात वाढणारं आणि उन्हाळ्यात झोपणारं. आमच्याकडे ते झोपेतच जातं. सेम्परव्हिव्हमचंही तेच. युरोपात वीज पडू नये म्हणून ते घराच्या छपरावर लावायची जुनी चाल होती, इतकं ते तिकडे काटक. पण त्याला कडक थंडी लागते. माझ्याकडची रोपं चिखलदऱ्याच्या मैत्रिणीला दिली. तिथे उंची सुमारे १,१०० मीटर, रात्री गार. तिच्याकडे ती तग धरून आहेत, आमच्याकडे मेमध्ये विरघळायची. सपाट वऱ्हाडात या दोघांवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

इचेव्हेरिया मधली. जगते, पण दरवर्षी लक्ष मागते. तिच्या पानांवरचा पांढरट मेणाचा थर बोटानं पुसला गेला तर त्या पानावर परत येत नाही, म्हणून कुंडी धरावी, झाड नाही. घरात ठेवली की उजेडासाठी लांबट होते. असं झालं तर तिचा शेंडा कापून नव्यानं लावायचा. बुंध्याला बाजूनं पिल्लं फुटतात.

नवी रोपं करायचा काळ नवरात्रापासून थंडी संपेपर्यंत. पान मधून तोडायचं नाही. चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलकं हलवायचं, म्हणजे देठाकडचं टोक अखंड सुटतं. ते टोक तुटलं तर पान वाया. पानं सुपात, सावलीत, कोरडी पसरून ठेवते. काही दिवसांनी टोकाला गुलाबी धाग्यांसारखी मुळं येतात, आणि त्यांच्या बुडाशी हरभऱ्याच्या डाळीएवढं, पण पानं-बिनं सगळी रचलेलं अख्खं झाड. तेव्हा मिश्रणावर ठेवून मुळांवर चिमूटभर रेती घालायची आणि बारीक फवारा मारायचा. मूळ पान आपोआप आटतं, ओढून काढायचं नाही. तोवर तेच पिल्लाला पोसत असतं.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. २००७ च्या सुमारास कपाशीवर ज्यानं थैमान घातलं होतं त्याच जातकुळीतला. आवारात गाजरगवत असेल तर तो तिथून येतो आणि मुंग्या त्याला सांभाळतात. म्हणून पहिलं काम गाजरगवत उपटायचं. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घ्यायचं, तेही संध्याकाळी. निंबोळी तेलानं इचेव्हेरियाचा पांढरा थर निघून जातो, ते मी फक्त अगेव्हवर वापरते. कुंडी बदलताना मुळंही बघावीत. तिथे पांढरी भुकटी दिसली तर माती पूर्ण फेकून, मुळं धुऊन, सुकवून नव्यानं लावावं.

आता बचत गटातल्या बाया दिवाळीच्या सुमारास रोपं मागायला येतात. घोस्ट प्लांट आणि झेब्रा मी कुणालाही देते, सोबत कवेलूच्या मिश्रणाची पिशवी, आणि ज्यांच्या घरी फक्त बोअर आहे त्यांना पावसाच्या पाण्याची बाटली. इचेव्हेरिया मात्र पावसाळ्यात रोज सकाळी खालची पानं बघणार का, हे विचारूनच देते.