सोलापूरचा र

चादरींच्या गठ्ठ्यांवर चिकटवायची लेबलं मामांना मराठीत हवी होती. "तू कॉम्प्युटरवाला की रे, दे करून," एवढंच ते म्हणाले. मी सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पहिल्याच दिवशी आपटलो.

आत मी वाईड कॅरेक्टर वापरले होते, म्हणजे प्रत्येक चिन्हाला सारख्याच मापाचा खण. माझ्या लिनक्सवर (माझ्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम) प्रत्येकाला सरसकट चार बाइट, बाइट म्हणजे साठवणीचं छोटं माप. 'अ' असो की पूर्णविराम. मोजायला सोपं. पण फाईलमध्ये मजकूर लिहायचा म्हणजे मल्टिबाइट, म्हणजे चिन्हागणिक कमीजास्त बाइटांचा, करून द्यायचा, आणि ते काम 'डब्ल्यूसीएस टू एमबीएस' नावाच्या तयार फंक्शनचं. ते किती बाइट लिहिले ते सांगतं. मला सांगितलं १८४४६७४४०७३७०९५५१६१५. लेबल कोरं.

तो आकडा म्हणजे उणे एकच, 'जमलं नाही' असं सांगणारा. उणे चिन्हाची सोय नसलेल्या खात्यात लिहिला की असा फुगतो. कारण फालतू होतं: मी सेटलोकेल, म्हणजे कुठली भाषा आणि लिपी चालवायची ते प्रोग्रॅमला सांगणारी ओळ, विसरलो होतो. सी प्रोग्रॅम सुरू होतो तो 'सी' नावाच्याच लोकेलमध्ये, म्हणजे भाषेच्या मांडणीत, आणि तिथं देवनागरी कुणाला येत नाही. आमच्या मामांना हे कधी सांगावं लागत नाही. पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघूनच ते कानडी, तेलुगू की मराठी ते ठरवतात.

लोकेल लावलं. लेबल आलं: 'सोलापू', आणि पुढं कचरा.

"र कुठं गेला बे?"

मी बफर, म्हणजे मजकूर ठेवायची जागा, वीस बाइटचा ठेवला होता. इंग्रजीत सोलापूर सात अक्षरी, सात बाइटांत बसतं, म्हणून वीस म्हणजे चैनच वाटली. मामांनी बोटांवर मोजलं, "सो, ला, पू, र. चार." मशीनच्या हिशेबात सात: स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र. आणि यूटीएफ-८मध्ये, म्हणजे फाईलमध्ये अक्षरं लिहायच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकवीस. अठरा भरल्यावर दोन उरले, त्यात र मावेना. फंक्शन अक्षर अर्धं कापत नाही, ते थांबतं. आणि थांबताना 'मजकूर इथं संपला' असं सांगणारं शेवटचं शून्यही लिहीत नाही. कचरा त्याचाच.

"चार अक्षरांना एकवीस?" मामांना ही सरळसरळ लूट वाटली. पण लगेच म्हणाले, "चादरीत नाव विणायचं तर आम्ही आधी तारा मोजतो. तू मोजल्या नव्हत्यास?"

नव्हत्या. खरं तर सोय आहे. बफरच्या जागी नल, म्हणजे 'जागाच नाही', असं दिलं की लिनक्सवर हेच फंक्शन काही न लिहिता नुसतं किती बाइट लागतील ते सांगतं. त्यात शेवटच्या शून्याचा एक मिळवायचा: बावीस.

मी आळस केला. बफर चौसष्ट केला, लेबलं छापली, र आला. मामा खूश. दुकानाचं पूर्ण नाव, 'आणि सन्स'सकट, अजून टाकून पाहिलेलं नाही.