हंगर गेम्स आणि रेशनची लाईन

भाचीने गेल्या महिन्यात 'द हंगर गेम्स' माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली मावशी तू वाचच, मी म्हटलं अगं पोरं एकमेकांना मारतात तेच ना, मला नाही झेपायचं असलं काही. शेवटी शनिवारी रात्री सहज उघडलं आणि मिटलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते!

मला तर हे पुस्तक मारामारीचं वाटलंच नाही, धान्याचं वाटलं.

पॅनेम म्हणजे पुढे कधीतरी होणारी अमेरिका. मधे श्रीमंत कॅपिटॉल, भोवती दबलेले १२ डिस्ट्रिक्ट. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाचा एक मुलगा एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायचे, २४ जणांना रिंगणात सोडायचं आणि एकच उरेपर्यंत सगळं टीव्हीवर दाखवायचं. त्या चिठ्ठीच्या दिवसाला इंग्रजीत चक्क कापणी म्हटलंय.

आता गंमत बघा, बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, मग दरवर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल घ्यायचं. गोष्टीची नायिका कॅटनिस सोळाची, बाप खाणीत मेलेला, ती स्वतः, आई आणि धाकटी बहीण प्रिम म्हणून दरवर्षी तीन जादा, म्हणजे ४ गुणिले ५, वीस चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल अठराचा, घरात पाच तोंडं, त्याच्या ४२. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून बघितला, बरोब्बर जुळतो. आणि प्रिमची एकच चिठ्ठी, निघते नेमकी तीच, मग कॅटनिस पुढे होते आणि तिच्याऐवजी मी जाते म्हणते.

हे वाचताना मला आमची रेशनची लाईन आठवली, केशरी कार्ड, हातात रॉकेलचा कॅन आणि दीड तास उन्हात उभं राहिल्यावर "संपलं, सोमवारी या". जीव कोणी मागितला नाही आमचा, पण आई ते गहू निवडायला बसली की खडे ताटाच्या कडेला सारता सारता एकेक दाणा परत आत घ्यायची, ते डोळ्यासमोर आलं.

लेखिका सुझन कॉलिन्स म्हणते की तिला थिसियसच्या ग्रीक कथेवरून सुचलं, अथेन्सची पोरं राक्षसाला पाठवायचे ती. आपल्याला बकासुर आठवणारच, गाडाभर भात, रेडे आणि गाडा हाकणारा माणूस पण. (तिकडे भीमाने आधी स्वतःच भातावर ताव मारला, इथे तसं कोणी नाही.)

कॅटनिसच्याच डिस्ट्रिक्टमधून निवडलेला मुलगा पीटा, त्याच्याबरोबरचं तिचं गुहेतलं प्रेमप्रकरण मी भराभर उलटलं, खरं सांगते. पण रू, अकरा नंबरच्या डिस्ट्रिक्टची १२ वर्षांची पोर! ती मेल्यावर कॅटनिस तिला फुलांनी झाकते आणि मग आकाशातून छोट्या पॅराशूटला बांधून एक पाव येतो, अजून गरम. रूच्या डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे ज्यांना स्वतःलाच पोटभर मिळत नाही त्यांनी पैसे जमवून घेतलेला, बहुतेक रूसाठीच ठरलेला, तो आता दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या मुलीला पाठवला.

त्या पानावर मी उठून पाणी प्यायले. सकाळी भाचीला मेसेज टाकला, दुसरा भाग घेऊन ये.